बोडक्या मानेची निम्मीच पिल्ले का?

प्रश्न : परसात बोडक्या मानेचा एक कोंबडा आणि साध्या गावठी कोंबड्या आहेत. या वेळी निम्म्या पिल्लांच्या मानेवर पिसे आली. जात बिघडली का?

उत्तर : जात बिघडलेली नाही. बोडकी मान एका प्रभावी जनुकामुळे येते. कोंबड्याची मान नीट पाहा. पुढच्या बाजूला, छातीच्या वर पिसांचा छोटा झुबका असेल, तर त्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत आहे. साध्या कोंबड्यांशी त्याचा संकर झाला की सरासरी निम्मी पिल्ले बोडकी निघतात. मान जवळजवळ पूर्ण उघडी असेल, तर दोन प्रती; अशा कोंबड्याची सगळी पिल्ले बोडकीच होतात.

पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच त्याची मान दिसते, त्याच दिवशी खूण करा. झुबकेवाल्या तलंगा मोठ्या झाल्या, की बाहेरून आणलेला पूर्ण बोडका कोंबडा त्यांना लावा. बापलेकीची जोडी टाळा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.

अंगावर पिसे कमी असल्याने हे पक्षी उन्हाळा चांगला सोसतात. म्हणूनच इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच वाणापासून ‘हितकारी’ हा परसातला संकर तयार केला. सावली आणि थंड पाणी मात्र हवेच. थंडीत खुराड्यात कोरडा भुसा जाड पसरा, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. मानमोडीची लस चुकवू नका. उघडी मान त्या रोगापासून वाचवत नाही.