यमुनेची गोष्ट आणि आपली घरे



घरभेटीला गेलो की पालकांकडून एक तक्रार आम्हांला हमखास ऐकू येते. "फादर, पोरगी सारखी कादंबऱ्या वाचत बसते. जरा समजावून सांगा तिला." मुलगा तासन्‌तास मोबाइलमध्ये डोके घालून बसतो, त्याची तक्रार हल्ली कमी झाली आहे, सवय झाली असावी. पण मुलीच्या हातात जाड पुस्तक दिसले आणि त्यात प्रेमाची गोष्ट आहे असे कळले, की घरात काळजी सुरू होते. या काळजीला आम्ही हसत नाही. आईबापांना मुलीचे मन कुठे भटकते आहे याची चिंता वाटणारच. मात्र प्रेम, कुटुंब आणि श्रद्धा यांवरच्या कादंबऱ्यांविषयी आपली ख्रिस्तसभा काय म्हणते, पवित्र शास्त्र काय करते आणि आपल्या मराठीत अशा कादंबरीचा जन्म कुठे झाला, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. त्यासाठी हा या रविवारचा अभ्यास.

प्रथम ख्रिस्तसभेचे धोरण थोडक्यात पाहू. एके काळी कॅथलिकांनी कोणती पुस्तके वाचू नयेत याची अधिकृत यादी रोममधून निघत असे. 1559 मध्ये सुरू झालेली ती यादी 1966 मध्ये पोप सहावे पॉल यांच्या काळात रद्द झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात साहित्य आणि कला यांना ख्रिस्तसभेच्या जीवनात मोठे महत्त्व आहे, असे म्हटले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर जुलै 2024 मध्ये या विषयावर स्वतंत्र पत्रच लिहिले. आधी ते धर्मगुरू होऊ पाहणाऱ्यांसाठी लिहायचे होते, पण लिहिता लिहिता त्यांनी ते सर्व ख्रिस्ती लोकांसाठी खुले केले. तरुणपणी 1964-65 मध्ये अर्जेंटिनातील येशूसंघीय शाळेत ते स्वतः साहित्य शिकवीत. कादंबरी वाचताना माणूस दुसऱ्याचा आवाज ऐकायला शिकतो, हा त्या पत्राचा गाभा आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये तोबीत नावाचे चौदा अध्यायांचे पुस्तक आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये ते नाही, त्यामुळे या भागातील अनेक घरांत ते वाचलेच जात नाही. अनेक शास्त्राभ्यासक त्याला छोटी धार्मिक कादंबरीच म्हणतात. त्यातील एक घरगुती भांडण पाहा. तोबीत आंधळा झालेला आहे, घर चालवायला त्याची बायको हन्ना मजुरीने विणकाम करते. एकदा मालक खूश होऊन मजुरीवर एक करडूही देतो. करडाचे ओरडणे ऐकून तोबीत म्हणतो की हे चोरीचे असणार, परत करून ये. ती सांगते, बक्षीस मिळाले आहे. त्याला पटत नाही. मग तीही त्याच्या दानधर्माचा आणि पुण्याचा उद्धार करते. नवरा देवभक्त, प्रामाणिक, रोज प्रार्थना करणारा. आणि राबणाऱ्या बायकोवर विश्वास ठेवायला मात्र तयार नाही! हे दृश्य आपल्याकडे कोणत्याही गावात घडू शकेल. शास्त्राने ते झाकून ठेवलेले नाही.

त्याच वेळी दूरच्या गावी सारा नावाची मुलगी रडत असते. तिचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले आहेत आणि घरातील दासी तिला त्यावरून टोचून बोलते. जीव द्यावा असे तिला वाटते, पण आपल्या म्हाताऱ्या बापाचे काय होईल या विचाराने ती थांबते आणि खिडकीशी उभी राहून प्रार्थना करते. तिकडे आंधळा तोबीतही मरण मागत असतो. दोघांच्या प्रार्थना एकाच क्षणी देवापुढे जातात, याचा त्या दोघांना पत्ताही नसतो. पुढे तोबीतचा मुलगा तोबिया प्रवासाला निघतो, सोबत माणसाच्या रूपातला देवदूत रफाएल आणि घरचा कुत्रा. साराशी त्याचे लग्न होते. तिचा बाप मात्र इतका धास्तावलेला, की रात्रीच जावयासाठी खड्डा खणून ठेवतो. नवरा-बायको खोलीत एकत्र प्रार्थना करतात आणि सकाळी जिवंत बाहेर येतात. प्रेम, कुटुंब, श्रद्धा यांपैकी या पुस्तकात काय कमी आहे?

आता मराठीचे पाहू. मराठी कादंबरीची सुरुवात एका ख्रिस्ती माणसाच्या लेखणीतून झाली, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते आणि विसरले जाते. बाबा पदमनजी हे 1831 मध्ये बेळगावात जन्मलेले, कासार समाजातले. 1854 मध्ये त्यांनी स्नानसंस्कार घेतला आणि तीनच वर्षांनी, 1857 मध्ये, 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा सरकारने आदल्याच वर्षी, 1856 मध्ये केला होता. कायदा झाला, पण घरातली माणसे बदलली नव्हती. पदमनजींनी त्या घरांच्या आत दिवा नेला.

गोष्ट साधी आहे. यमुना आणि विनायक हे एकमेकांवर मनापासून प्रेम करणारे, एकत्र वाचणारे, बोलणारे नवरा-बायको. ते प्रवासाला निघतात. जिथे जातील तिथे त्यांना विधवा भेटतात: कुणाचे केस बळजबरीने काढलेले, कुणी सासरी राबराबून मेटाकुटीला आलेली, कुणाला बोलायलाही माणूस नाही. यमुना हे सारे बघते आणि हळहळते. मग प्रवासातच विनायकाला अपघात होतो. मरणाच्या दारात तो ख्रिस्ताचा स्वीकार करतो. आणि आतापर्यंत दुसऱ्यांच्या दुःखाने हळहळणारी यमुना एका दिवसात स्वतःच विधवा होते. पुढे ती स्नानसंस्कार घेते आणि एका ख्रिस्ती पुरुषाशी तिचा पुनर्विवाह होतो.

खरे सांगायचे तर कादंबरी म्हणून हे पुस्तक थोडे अवघड आहे. पात्रे बोलता बोलता प्रवचन देऊ लागतात, आणि प्रवचन लांबले की माणसे पेंगतात, हे आम्हांला व्यासपीठावरून दर रविवारी दिसते! पदमनजी प्रॉटेस्टंट होते, वादविवादाच्या काळात लिहीत होते, त्यामुळे जुन्या धर्मावरची त्यांची टीका आज कानाला कठोर लागते. ती जशीच्या तशी उचलून शेजाऱ्यांशी वाद घालणे शहाणपणाचे नाही. परंतु विधवांचे प्रसंग वाचताना हात थबकतो. तिथे पदमनजी शिकवीत नाहीत. ते केवळ दाखवितात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ॲरिस्टॉटलचा एक विचार शिकवतात: काय घडले ते इतिहास सांगतो, तर माणसाच्या बाबतीत काय घडू शकते ते काव्य सांगते, म्हणून काव्य तत्त्वज्ञानाला अधिक जवळचे. यमुना नावाची बाई कधी होऊन गेली की नाही याला महत्त्व नाही. ती आपल्या गल्लीत असू शकते, यालाच महत्त्व आहे.

पुढे हरि नारायण आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिली, तिच्यातली आपली कहाणी स्वतः सांगणारी विधवाही यमूच. आपटे ख्रिस्ती नव्हते, पण मराठी वाचकांच्या घरोघरी ती यमू पोहोचली. चांगली गोष्ट धर्माची वेस ओलांडून जाते ती अशी.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. तरीही आम्ही तिचा समावेश इथे मुद्दाम करतो, कारण प्रेम आणि श्रद्धा यांच्यात ओढाताण झाली तर घराचे काय होते हे मराठीत इतके मोकळेपणाने कुणी लिहिले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत स्नानसंस्कार घेतला. घर फुटले. लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांकडे वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या, तरी आपले सोवळे-ओवळे सांभाळून स्वतंत्र स्वयंपाक करीत राहिल्या. एका घरात दोन चुली! टिळक तापट होते, पण श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. माणसामाणसांतला जातिभेद देवाने केलेला नाही, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांच्याच वाटेने आला आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः होऊन स्नानसंस्कार घेतला. श्रद्धा नवऱ्याकडून बायकोकडे सामानासारखी हलवता येत नाही, हे आम्ही विवाहपूर्व शिबिरात कितीही वेळा सांगितले तरी तेवढे पटत नाही, जेवढे त्या दोन चुली पाहिल्यावर पटते.

परदेशातील एका कादंबरीचाही उल्लेख केला पाहिजे, कारण पोप फ्रान्सिस यांनी 27 मे 2015 रोजी लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींना ती वाचण्याचा सल्ला दिला होता. इटलीतील आलेस्सांद्रो मांझोनी यांची ही कादंबरी प्रथम 1827 मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा अर्थ 'वाग्दत्त वधूवर'. रेन्झो आणि लुचिया या गरीब जोडप्याचे लग्न ठरलेले असते. गावच्या धनदांडग्याची नजर लुचियावर पडते आणि तो धर्मगुरूंकडे गुंड पाठवितो: हे लग्न लावायचे नाही. धर्मगुरू डॉन अब्बोंदियो घाबरून लग्न टाळतात, खोटी कारणे सांगतात. (हे पात्र वाचताना कोणत्याही धर्मगुरूला घाम फुटावा. आम्हांलाही फुटला.) लुचियाला पळवून नेतात. त्या भयाण रात्री ती पवित्र मरियेला नवस करते की सुटका झाली तर मी लग्नच करणार नाही. सुटका होते, पण आता नवस आडवा येतो. पुढे 1630 सालच्या प्लेगमध्ये मिलान शहरातील रुग्णांच्या छावणीत दोघांची गाठ पडते. तिथे आजाऱ्यांची सेवा करणारे कपुचिन फादर ख्रिस्तोफोरो आधी रेन्झोला त्याच मरणोन्मुख धनदांडग्यापाशी नेतात आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायला लावतात. त्यानंतरच ते लुचियाला नवसातून मोकळे करतात, कारण तिने रेन्झोला आधीच वचन दिलेले असते. त्याचा हक्क तिला एकटीने देवाला अर्पण करता येत नव्हता. नवसाला जगणाऱ्या आपल्या भागात हा प्रसंग घराघरात बोलला गेला पाहिजे.

आता आपल्या घरांविषयी. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर गावांना तसे आवाहन केले. म्हणजे 'यमुनापर्यटन' येऊन 165 वर्षे झाली तेव्हाही असा ठराव करावा लागला. आपण ख्रिस्ती आहोत, आपल्यात असे नाही, असे कुणी म्हणेल. आम्हांला तसे ठामपणे म्हणता येत नाही. नवरा गेल्यावर लग्नघरी मागे मागे राहणारी बहीण, शेत दिराच्या ताब्यात गेलेली सून, पुनर्विवाहाचा विषय निघताच गप्प होणारे सासर: हे चर्चच्या बाकांवर बसणाऱ्यांतही आढळते. तिच्याशी थेट बोलायला आपण कचरतो. यमुनेची गोष्ट वाचलेल्या घरात तो विषय काढायला निदान एक दार उघडे असते.

दुसरा प्रश्न मुलामुलींच्या प्रेमाचा. ख्रिस्ती नसलेल्या व्यक्तीशी लग्न करायचे असेल तर ख्रिस्तसभा दार कायमचे बंद करीत नाही. महागुरुस्वामींकडून विशेष सूट घ्यावी लागते; कॅथलिक व्यक्तीला आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते, आणि त्याची कल्पना जोडीदाराला द्यावी लागते. हे नियम आम्ही कार्यालयात पाच मिनिटांत सांगू शकतो. पण एका घरात दोन श्रद्धा नांदताना मनाला किती पीळ पडतो, ते लक्ष्मीबाई सांगतात. मुलगी गुपचूप वाचत असेल तर पुस्तक हिसकावू नये. तिच्यानंतर ते आईने वाचावे. बापानेही वाचले तर उत्तमच.

सर्व कादंबऱ्या सारख्या नसतात, हे खरे. काहींत प्रेम म्हणजे केवळ मिळविणे असते आणि मिळाले की गोष्ट संपते. म्हातारी सासू, आजारपण, कर्ज, रुसवा यांना त्यात जागाच नसते. अशी पुस्तके पाप नव्हेत, पण ती वाचून लग्नाला उभे राहणाऱ्यांची निराशा ठरलेली असते. कोणते पुस्तक कसे आहे हे ओळखायचे असेल तर त्यातल्या खलनायकाकडे पाहावे. लेखकाला त्याचीही कीव येत असेल, तर पुस्तक घरात ठेवायला हरकत नाही.

या आठवड्यात सुरुवात मोठ्या पुस्तकाने नको. रोझरी झाल्यावर रूथचे पुस्तक मोठ्याने वाचावे. चारच अध्याय आहेत, दोन संध्याकाळी पुरतील. वाचण्याचा मान घरातील सुनेला द्यावा. दुष्काळाने परदेशी गेलेले कुटुंब, तिथे विधवा झालेल्या तिघी, सातूच्या शेतात सरवा वेचणारी परकी सून आणि तिचा बवाजाशी झालेला पुनर्विवाह: यातले काहीच आपल्याला समजावून सांगावे लागणार नाही. रविवारी मिस्सेनंतर ज्यांनी वाचले असेल त्यांनी थोडे थांबावे. दुसरी सून अर्पा हिच्याविषयी बोलू. ती रडली, सासूचे चुंबन घेतले आणि माहेरी परत गेली. शास्त्राने तिला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. का दिला नसेल, याचा विचार करून या.