बोलण्यातले मीठ

भाजीत मीठ नसेल तर ती अळणी लागते. मूठभर पडले तर घास गिळवत नाही. बेताचे पडले म्हणजे चव येते. कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने बोलण्यालाही मिठाचाच दाखला दिला आहे. खरे लपवले तर बोलणे अळणी होते. अपमान करून बोलले तर ते खारट होते. खरे सांगावे, पण समोरच्याचा मान राखून सांगावे.

योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, अशी एक गोष्ट आहे. यहूदी आणि शोमरोनी हे शेजारी लोक. पण त्यांच्यात हाडवैर होते. यहूदी म्हणत, देवाची उपासना यरुशलेमेत करावी. शोमरोनी म्हणत, आमच्या गरिज्जीम डोंगरावर करावी. एकमेकांशी व्यवहारसुद्धा ते टाळत.

एकदा भर दुपारी येशू शोमरोनात सूखार गावाजवळ आला. तो स्वतः यहूदी. चालून थकला होता, म्हणून याकोबाच्या विहिरीवर बसला. ही विहीर आजही नाब्लुस शहराजवळ आहे. तेवढ्यात एक शोमरोनी बाई पाणी भरायला आली. येशूने तिच्याजवळ प्यायला पाणी मागितले. बाईला नवल वाटले. यहूदी माणूस आपल्या हातचे पाणी कसा मागतो?

पाहा, येशूने आल्याआल्या वाद काढला नाही. आधी तिच्यापुढे हात पसरला. मग बोलणे वाढले. बाईने डोंगराचा प्रश्न काढलाच. येशूने आपले मत लपवले नाही. या बाबतीत यहूद्यांचे म्हणणे खरे आहे, हे त्याने तिला स्पष्ट सांगितले. पण खरी उपासना डोंगराला किंवा शहराला बांधलेली राहणार नाही, हेही सांगितले. तिच्या संसारातले उणे त्याला ठाऊक होते. त्यावरून त्याने तिला हिणवले नाही.

बाई घागर तिथेच ठेवून गावात गेली आणि लोकांना घेऊन आली. लोकांनी येशूला राहण्याचा आग्रह केला. तो तिथे दोन दिवस राहिला.

आपल्या गावातही बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, निवडणुकीवरून मते वेगळी होतात. ते चालायचेच. पण ‘तुला काय अक्कल आहे?’ असा शब्द सुटला की मूळ प्रश्न राहतो बाजूला. बांध हातभर सरकलेला असतो, आणि भाऊ भावाच्या मुलीच्या लग्नाला जात नाही!

म्हणून आपण एवढे करू. आधी दुसऱ्याचे पुरते ऐकू. आपले मत नीट सांगू, पण कुणाची जात, धर्म, घराणे काढणार नाही. राग आला तर बोलणे उद्यावर टाकू. मत पटले नाही, तरी दारी आलेल्याला पाणी देऊ, आणि त्याच्या दारी गेलो तर मागून पिऊ.

प्रश्न
१. येशूने बाईजवळ आधी काय मागितले?
२. त्याने आपले मत लपवले का?
३. तुमचे कुणाशी बोलणे बंद आहे का? पहिला शब्द कोणता बोलाल?