खुपऱ्या आणि त्यांचा जंतू



आमच्या आजीजवळ एक लहानसा चिमटा असे. दर आठ-पंधरा दिवसांनी ती कोणाकडून तरी पापण्यांचे केस उपटून घेई. "डोळ्यात टोचतात रे," एवढेच सांगे. तिला लहानपणी खुपऱ्या झाल्या होत्या. इकडे हिंदीत यांनाच 'रोहे' म्हणतात.

खुपऱ्या होतात त्या 'क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस' या जिवाणूमुळे. तो पेशीच्या आत शिरूनच वाढतो, म्हणून पुष्कळ वर्षे त्याला विषाणू समजत. मुलांच्या डोळ्यांतली चिपडे आणि नाकातला शेंबूड हातांनी, एकाच टॉवेलने, आईच्या पदराने किंवा माश्यांच्या पायांनी दुसऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचतो. मग वरच्या पापणीच्या आत बारीक दाणे उठतात. एकदाच झालेल्या संसर्गाने सहसा दृष्टी जात नाही. पण बालपणी तो पुनःपुन्हा होत राहिला, तर पापणीच्या आत व्रण साठतात, पापणी आकसून आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासू लागतात. शेंबडे नाक पाचव्या वर्षाचे आणि अंधत्व चाळिशीनंतरचे! मुलांना कडेवर घेणाऱ्या बायकांनाच हे अंधत्व अधिक येते.

भारतात १९६३ साली खुपऱ्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्या भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले. यात शस्त्रक्रिया व औषधांचा वाटा आहेच, पण माझ्या मते निम्मे श्रेय घरातल्या नळाला द्यावे.

जंतू मात्र संपलेला नाही. त्याचेच दुसरे प्रकार शरीरसंबंधातून पसरतात. वरच्या वर्गांतील मुलामुलींना हे सांगताना आम्हा शिक्षकांनीच आधी संकोच सोडायला हवा. बहुतेक स्त्रियांना काहीच लक्षण जाणवत नाही. उपचार झाले नाहीत तर गर्भनलिकांना इजा होऊन मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच वाढू लागून जिवावर बेतते. बाळंतपणात बाळाला लागण झाली तर त्याचे डोळे येतात, न्यूमोनियाही होतो. मूल झाले नाही की बोल सुनेला लागतो. जंतू नवऱ्याकडून आलेला असू शकतो, हे कोणाच्या मनातही येत नाही. पुष्कळदा त्यालाही काही त्रास नसतो.

लघवीच्या तपासणीत हा जंतू सापडतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाने जातो. नलिकांना झालेली इजा औषधाने भरून येत नाही. औषध पती-पत्नी दोघांनीही घ्यावे लागते, नाहीतर बरा झालेला जोडीदार पुन्हा त्याच जंतूला बळी पडतो.