रोग कळविण्याचा कायदा व त्याची भीति

उमरेड किंवा काटोलाकडील एखाद्या मनुष्यास दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहतो, ताप येतो, अंग वाळत जातें. तो नागपुरास खाजगी डाक्तराकडे जातो. थुंकी तपासल्यावर क्षय ठरतो. मग डाक्तर म्हणतात, "हें सरकारांत कळवावें लागेल." एवढें ऐकतांच कित्येक लोक घाबरून तो दवाखानाच सोडतात. म्हणून हें कळविणें म्हणजे काय, ह्याचा आज विचार करूं.

ही भीति उगीच उत्पन्न झालेली नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला व १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्या वर्षीं पुण्यास गोरे शिपाई घरांत शिरून रोगी शोधीत. रोग्याचें नांव सांगणें म्हणजे घर मोडणें, असें लोकांस वाटूं लागलें, आणि लोक रोगी लपवूं लागले. तोच कायदा मार्च २०२० मध्यें करोनाच्या वेळीं नागपुरासही लागू झाला.

क्षयाचा नियम निराळा आहे. क्षयाचा प्रत्येक रोगी आरोग्य खात्यास कळविला पाहिजे, असा हुकूम भारत सरकारनें ७ मे २०१२ रोजीं काढला. मार्च २०१८ च्या राजपत्रानें तो अधिक कडक झाला. डाक्तर, दवाखाने, प्रयोगशाळा व क्षयाचीं औषधें विकणारे दुकानदार ह्या सर्वांवर हें बंधन आहे, आणि हयगय करणारास कैदही होऊं शकते. पण ही शिक्षा न कळविणाऱ्यास आहे; रोगी असणें हा गुन्हा नव्हे.

शहरांत महापालिकेच्या व खेड्यांत जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे खबर जाते. रोग्याचें नांव चावडीवर लावीत नाहींत. गांवांतील कुजबुज कायद्यानें थांबत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि आशाताई घरीं येते ती औषध चालू आहे कीं नाहीं तें पाहण्यास व लेंकरांस रोग लागला आहे काय ह्याची चौकशी करण्यास. औषध फुकट मिळतें, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठीं दरमहा १००० रुपये रोग्याच्या खात्यांत जमा करण्याची योजना आहे. नांव नोंदलें नाहीं, तर हे रुपये मिळत नाहींत.

साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या औषधानें बरा होतो. परंतु दोन महिन्यांत बरें वाटूं लागतें, मजुरी बुडत असते, व रोगी औषध सोडतो. मग जो क्षय उलटतो त्यावर कित्येकदां नेहमींचीं औषधें चालत नाहींत. खबर गेलेली असली तर कोणीतरी दारीं येऊन विचारतें.

ज्यांच्याकडे गांवकरी चिठ्ठ्या वाचून घेण्यास येतात, अशा आमच्या उपदेशक बंधूंनीं रोग्याबरोबर स्वतः डाक्तराकडे जावें, आणि त्याचें आधारपत्र व बँकेचें पुस्तक बरोबर न्यावें.