इंजिनाचा संगणक पूर्ववत कसा करावा?

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता आंबा घाट चढून देशावर पोहोचतो. भरलेली गाडी घेऊन हा घाट चढणाऱ्या चालकास इंजिनाची थोडी अधिक ताकद हवीशी वाटावी, हे स्वाभाविक आहे. जुन्या डिझेल गाड्यांत त्यासाठी मेस्त्री पंपाचा स्क्रू फिरवीत असत. आजच्या गाड्यांत इंजिनास केव्हा व किती इंधन द्यावयाचे, हे एक लहानसा संगणक ठरवितो. त्यामुळे ताकद वाढविण्याचा मोहही आता लॅपटॉपच्या वाटेने येतो. संगणकातील मूळ सॉफ्टवेअरच्या जागी बदललेले सॉफ्टवेअर भरण्यास गॅरेजमध्ये ‘ट्यूनिंग’ अथवा ‘रीमॅपिंग’ म्हणतात. प्रत्यक्ष भरण्याच्या क्रियेस ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. ही क्रिया अर्धवट राहिली, तर धडधाकट इंजिन सुरूच होत नाही आणि गाडीवर पोट असणाऱ्याचा रोजगार त्या दिवसापासून थांबतो.

हा प्रश्न केवळ हौशी मोटारमालकांचा नाही. रुग्णवाहिका, शाळेची बस, ग्रामपंचायतीची घंटागाडी यांतही असाच संगणक असतो आणि त्यातील सॉफ्टवेअर कंपनीच्या सेवा केंद्रातही प्रसंगी बदलावे लागते. म्हणून या बिघाडाचे स्वरूप व उपाय समजून घेणे उपयुक्त ठरेल.

संगणकात काय असते?

इंजिनाचे फेरे, आत येणारी हवा, पाण्याचे तापमान, चालकाच्या पायाचा दाब यांची वार्ता निरनिराळे सेन्सर या संगणकास सतत पुरवितात. त्याच्या स्मृतीचे स्थूलमानाने चार भाग मानता येतील. पहिला भाग संगणकास जागे करणारी प्रारंभिक आज्ञावली. दुसरा, इंजिन चालविणारी मुख्य आज्ञावली. तिसरा, इंधनाचे तक्ते. पाढ्यांच्या तक्त्याप्रमाणे येथेही चौकटी असतात: एका बाजूस फेरे, दुसऱ्या बाजूस भार, आणि दोहोंच्या चौकटीत इंधनाचे प्रमाण. चौथ्या भागात त्या विशिष्ट गाडीची ओळख व चावीची सांकेतिक नोंद असते. ट्यूनिंग करणारा मुख्यतः तिसऱ्या भागास हात घालतो.

बिघाड कसा होतो?

या स्मृतीत जुना मजकूर अक्षरशः खोडून दुरुस्त करता येत नाही. प्रथम तिचा पूर्ण विभाग पुसावा लागतो व नंतर नवा मजकूर लिहावा लागतो. पाटी पुसली आणि लिहिण्यापूर्वीच पेन्सिल मोडली, तशी स्थिती मध्येच काम थांबल्यास होते. पुसले गेलेले असते, लिहिले गेलेले नसते.

काम थांबण्याची कारणे बहुधा साधी असतात. चावी चालू ठेवल्याने बॅटरी उतरते, केबल सैल होते, लॅपटॉप मध्येच झोपी जातो. काही वेळा दुसऱ्याच मॉडेलची फाइल भरली जाते, किंवा फाइलमधील पडताळ्याचा आकडा जुळत नाही. रत्नागिरीसारख्या किनारी भागात आणखी एक कारण संभवते. खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे बॅटरीच्या टोकांवर व जोडण्यांवर गंज चढतो आणि विद्युत्‌पुरवठा अस्थिर होतो.

अशा वेळी स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चावी फिरवूनही इंजिनाचा इशारादिवा लागत नाही. तपासणी यंत्रास संगणकाकडून उत्तर मिळत नाही. मात्र हीच लक्षणे जळालेल्या फ्यूजमुळे वा गंजलेल्या अर्थ वायरमुळेही दिसू शकतात. संगणकास दोष देण्यापूर्वी या दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत.

सावरण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे घाई न करणे. यंत्राचा संगणकाशी संबंध टिकून असेल, तर चावी बंद करू नये व बॅटरीची वायर काढू नये. बॅटरीस स्थिर दाबाचा पुरवठा जोडून मूळ फाइल पुन्हा भरून पाहावी. ट्यूनिंगची फाइल दुसऱ्यांदा भरण्याचा आग्रह येथे धरू नये.

संबंध तुटला असल्यास दुसरी पायरी घ्यावी. सामान्य फ्लॅशमध्ये प्रारंभिक आज्ञावलीस बहुधा धक्का लागत नाही. चावी चालू करताच ती काही क्षण बाहेरच्या आदेशाची वाट पाहते. त्या क्षणी यंत्राने हाक दिल्यास डॅशबोर्डखालच्या तपासणी सॉकेटमधूनच मूळ फाइल भरता येते.

हाही प्रयत्न फसला, तर संगणक गाडीतून काढून टेबलावर थेट पुरवठा व जोडण्या देऊन काम करावे लागते. शेवटचा मार्ग त्याचे झाकण उघडण्याचा. चिपच्या निर्मात्याने आत ठेवलेली स्वतंत्र प्रारंभ-व्यवस्था ठरावीक टोकास जोडणी देऊन जागी केली जाते. हे काम अनुभवी तंत्रज्ञानेच करावे. चुकीच्या टोकास लागलेली जोडणी किंवा अंगातील स्थिर विद्युत चिप कायमची निकामी करू शकते. शिवाय झाकण पुन्हा पक्के सीलबंद न केल्यास कोकणच्या पावसात ओल आत शिरते. काही नव्या संगणकांत सुरक्षेच्या कुलपामुळे हा मार्गही बंद असतो.

प्रत्येक पायरीवर एक नियम पाळावा: लिहिण्यापूर्वी जे वाचता येईल ते वाचून जपून ठेवावे. इंधनाचे तक्ते त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवरून मिळू शकतात. चावीची नोंद मात्र त्या एका गाडीचीच असते. ती गमावल्यास नवा संगणक बसवूनही अधिकृत सेवा केंद्राकडून जुळणी होईपर्यंत गाडी चालू होत नाही. बिघाड सावरणे शक्य होईल की नाही, हे पुष्कळदा बिघाडापूर्वी मूळ प्रत राखली होती की नाही यावरच ठरते.

दुरुस्ती म्हणजे मूळ स्थिती

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले, असे नाही. वाहनास मान्यता मिळते ती मूळ सॉफ्टवेअरसह. भारत स्टेज ६ ही प्रदूषणमानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. त्यांचे पालन बऱ्याच अंशी या संगणकावर अवलंबून असते. त्यातील मजकुराचे महत्त्व २०१५ साली जगास कळले. फोक्सवॅगनच्या काही डिझेल इंजिनांचे सॉफ्टवेअर चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी ठेवीत असल्याचे अमेरिकेत उघडकीस आले. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने तपासणी केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनीने सुमारे सव्वातीन लाख गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगती निर्माण होईल असा बदल वाहनात करता येत नाही. प्रदूषणाचे निकष मोडणारे वाहन चालविणे हाही दंडनीय अपराध आहे. यास्तव संगणक पूर्ववत करताना मूळ फाइलच भरावी, दोषांच्या नोंदी तपासाव्यात आणि धुराची चाचणी करून घ्यावी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना भंगारातील संगणक टेबलावर जोडून वाचन, प्रत घेणे व पडताळा हे धडे अल्प खर्चात देता येतील. पंचायतींनी आपल्या वाहनाच्या नोंदवहीत सॉफ्टवेअर केव्हा व कोणी बदलले याची एक ओळ लिहून ठेवावी. मध्यरात्री रुग्णवाहिका सुरू होईना, अशा वेळी तंत्रज्ञास शोध कोठून सुरू करावा हे त्या एका ओळीवरून कळेल.