डेटाबेसच्या फाईलला हात कोणी लावायचा?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची पुस्तक-देवघेव एका छोट्या प्रोग्रॅमवर चालते. डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे एकच फाईल. दुसऱ्या टेबलावर संगणक आल्यावर ती फाईल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली. तेव्हापासून अधूनमधून ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा संदेश येतो. मोठा सर्व्हर डेटाबेस घ्यायलाच हवा का?

उत्तर : आधी एक काम आजच करा. दोन्ही संगणकांवरचा प्रोग्रॅम बंद करून फाईलची प्रत काढा आणि मूळ फाईल एका संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर परत ठेवा.

एसक्यूलाइट हा ‘एम्बेडेड’ डेटाबेस आहे. तो वेगळा चालत नाही. तुमच्या प्रोग्रॅमच्याच पोटात बसतो आणि प्रोग्रॅम स्वतः फाईल उघडून लिहितो. रिचर्ड हिप यांनी तो 2000 साली केला. ते तेव्हा अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. तिथला डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही अडायचा, वास्तविक त्याला फक्त साठवलेली माहिती वाचायची असे. मग मध्ये सर्व्हर हवाच कशाला, या विचारातून एसक्यूलाइट आला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे. त्याला कमी लेखू नका.

पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलची रीत वेगळी. तिथे सर्व्हर हा स्वतंत्र प्रोग्रॅम सतत चालू असतो आणि फाईलींना फक्त तोच हात लावतो. तुमचा प्रोग्रॅम नेटवर्कवरून मागणी पाठवतो आणि त्याला उत्तर तेवढे मिळते. दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी बदलल्या तरी सर्व्हर दोन्ही सांभाळतो. एखाद्या टेबलावरची वीज मध्येच गेली, तर तिथला अर्धवट व्यवहार तो रद्द करतो. एसक्यूलाइटमध्ये मात्र एका क्षणी एकालाच लिहिता येते. दुसऱ्याला थांबावे लागते, आणि थांबण्याची मुदत संपली की तुम्हाला दिसतो तो संदेश येतो.

म्हणजे तो संदेश हे कुलूप नीट चालल्याचे लक्षण आहे. मला काळजी आहे ती कुलूप न लागण्याची. एकाच संगणकावर ते लावण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिम चोख करते. शेअर्ड फोल्डरवर त्याचा भरवसा देता येत नाही. दोघांनाही फाईल मोकळी वाटली आणि दोघांनी एकदम लिहिले, तर ती बिघडते, आणि तेव्हा कोणताही संदेश येईलच असे नाही. ‘वॉल मोड चालू करा’ असा सल्ला कुणी दिला, तर इथे मानू नका. त्या पद्धतीत सगळे वापरणारे एकाच संगणकावर असावे लागतात, कारण ते मेमरीचा एक भाग वाटून घेतात.

दोन टेबलांसाठी मी पोस्टग्रेस घ्यायला सांगणार नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो ब्राउझरमधून वापरता येईल असा करायला सांगा. प्रोग्रॅम आणि फाईल एकाच संगणकावर राहतील आणि दुसऱ्या टेबलावर फक्त ब्राउझर उघडायचा. फाईलला हात लावणारा पुन्हा एकच उरतो. एसक्यूलाइटची स्वतःची वेबसाइटही एसक्यूलाइटवरच चालते, तेव्हा दोन टेबलांच्या नोंदींचा भार त्याला सहज पेलेल.

शाखा वाढल्या, कुणाला काय पाहता यावे हे ठरवायचे झाले, की सर्व्हर घ्या. मग तो चालू ठेवणे, पासवर्ड, रोजचा बॅकअप ही कामे कुणाच्या तरी नावावर लावावी लागतील. (अपाचे डर्बी किंवा एचटू वापरणाऱ्यांचे काम सोपे : तेच इंजिन दोन्ही रीतींनी चालते, जोडणीचा पत्ता बदलायचा आणि सर्व्हर सुरू करायचा.) एसक्यूलाइटला सर्व्हरची रीतच नसल्याने तुम्हाला नोंदी दुसरीकडे हलवाव्या लागतील. त्याआधी दंडाचा आणि तारखेचा रकाना तपासून घ्या. आकड्यांच्या रकान्यात कुणी ‘माफ’ असे लिहिले असेल, तर एसक्यूलाइटने ते सहसा मुकाट्याने ठेवून घेतलेले असते. पोस्टग्रेस ती ओळ आत घेणार नाही.