सफारीचा हिशेब

आफ्रिकेची सफारी हा श्रीमंतांचा शौक, असे आपण व्यापारी धरून चालतो. पण आम्ही कापडवाले भाव ऐकून नव्हे, माप घेऊन सौदा करतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानालगतचे खासगी लॉज माणशी, रात्रीमागे भारी दर लावतात. उद्यानाच्या सरकारी छावण्यांत मात्र स्वयंपाकाची सोय असलेल्या कुटी मिळतात. हलाल शिधा जोहान्सबर्गहून भरावा. मोटार भाड्याने घेऊन स्वतः चालवावी. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते. सूर्यास्ताला फाटके बंद होतात. मे महिन्यात तिकडे कोरडा हंगाम सुरू होतो, जनावरे पाणवठ्यावर येतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. परदेशी पाहुण्यांना उद्यानशुल्क माणशी, रोजचे पडते. म्हणून आधी दिवस मोजा, मगच तिकिटे काढा.